लॉरेटोला निघण्याआधी: चव कशी घ्यायची, गुण कसे द्यायचे

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लॉरेटोला मेकर्स मार्क या बर्बन व्हिस्कीची डिस्टिलरी आहे. लुईव्हिलहून तिथे गाडीने साधारण सव्वा तास लागतो. हे पत्रक त्या वाटेत वाचून होईल, पण आदल्या रात्रीच वाचलंत तर जास्त बरं, कारण पहिली सूचना नाश्त्याची आहे. सहलीच्या सकाळी लसणाची चटणी, कच्चा कांदा, ठेचा यातलं काही नको. सुरुवातीच्या एका सहलीत आम्हीच हौसेनं गाडीत तिखट चिवडा वाटला होता, आणि त्या दिवशी झाडून सगळ्यांना प्रत्येक ग्लासात मिरी लागली. मेकर्स मार्कमध्ये मिरीचा झणका शोधू नका. तो राय धान्याचा गुण, आणि इथे राय घालतच नाहीत.

बर्बन म्हणवून घ्यायला धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि ओकचं नवंकोरं, आतून जाळलेलं पिंप लागतं. मक्याच्या जोडीला बहुतेक डिस्टिलऱ्या राय घेतात, मेकर्स मार्क गहू घेते: ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्लीचा माल्ट. बिल सॅम्युअल्स सीनियर यांनी १९५३ मध्ये इथली जुनी डिस्टिलरी विकत घेतली. कोणतं धान्य चांगलं लागेल हे कळायला पिंपं मुरेपर्यंत वर्षानुवर्षं कोण थांबणार, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून पाहिले, असं सांगतात. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, पण गहू ओळखायला कामाची आहे. पहिल्या घोटात कणीक तुपावर भाजल्याचा वास आला की समजा, गहू सापडला.

आता लाकडाचं. २०१० मध्ये मेकर्स ४६ बाजारात आली. मुरलेली मेकर्स मार्क पिंपातून काढायची, त्याच पिंपात फ्रेंच ओकच्या दहा फळ्या बसवायच्या, बर्बन पुन्हा आत भरायची आणि आणखी काही आठवडे ठेवायची. फळ्या पिंपासारख्या कोळसा होईपर्यंत जाळत नाहीत, पृष्ठभाग नुसता शेकतात. ४६ हा त्या फळीच्या नमुन्याचा क्रमांक. वय किंवा टक्केवारी समजून बसू नका, दर सहलीत कोणीतरी विचारतंच. हे फळ्यांचं मुरवणं आधी फक्त थंडीत करत, उन्हाळ्याच्या उष्णतेनं लाकडाचा कडवटपणा बर्बनमध्ये उतरतो म्हणून. आता त्यासाठी टेकडीच्या पोटात चुनखडीत कोरलेलं तळघर आहे, बारा महिने गार.

चाखताना आधी साधी मेकर्स मार्क घ्या, मग ४६. उलट कधीही नको. आमचं सगळं सांगणं या एका क्रमावर उभं आहे: फळीशिवायची चव जिभेवर नसेल, तर फळीनं काय केलं हे कळायचं कसं? यातही एक गोम आहे. साध्या बाटलीत अल्कोहोल ४५ टक्के, ४६ मध्ये मात्र ४७ टक्के. थोडी जास्त कडक असल्यामुळे ती ‘जास्त भरीव’ वाटते आणि लोक त्याचं श्रेय लाकडाला देऊन मोकळे होतात. घरी नीट तुलना करायची असेल तर ४६ च्या तीस मिलीत पाव चमचा पाणी घाला. दोन्ही जवळपास सारख्या होतील. मग उरलेला फरक लाकडाचा.

ग्लास वर निमुळता असेल तर उत्तम. नाक आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, म्हणजे स्पिरिटचा चटका बसत नाही. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्याला गुण नाहीत. दुसरा घोट चावल्यासारखा तोंडात फिरवा. इथे याला केंटकी च्यू म्हणतात. जिम बीम या दुसऱ्या बर्बनचे नावाजलेले डिस्टिलर बुकर नो असं करून दाखवत, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

वासाचे इंग्रजी तक्ते बघून कोणी भांबावू नये. त्यातली निम्मी बिस्किटं आपण खाल्लेलीच नसतात. चिक्कीचा पाक कढईत लालसर होताना येणारा वास तुम्हाला ठाऊक आहे ना? तो साध्या बाटलीत सापडेल. ४६ मध्ये तोच पाक आणखी एक मिनिट आचेवर राहिल्यासारखा लागतो, आणि मागून दालचिनी, जायफळ येतात. एका आजींनी कागदावर ‘पुरणात जायफळ जास्त झालंय’ असं लिहिलं होतं. त्याहून नेमकं वर्णन आम्हाला अजून मिळालेलं नाही.

आमच्या कागदावर वीस गुण आहेत: वासाला पाच, चवीला पाच, गिळल्यानंतर काय उरतं त्याला पाच आणि लाकडाच्या कामाला पाच. शेवटच्या पाचांत हात आखडता ठेवा. फळ्यांची चव गव्हाच्या बरोबरीनं चालली तर चार. गव्हाला झाकून टाकलं, जिभेच्या कडा सुकल्या, चहा जास्त उकळल्यासारखं तुरट लागलं, तर दोनच, बाटली कितीही महाग असो. मेकर्स मार्कच्याच, फळ्या निवडून मुरवलेल्या प्रायव्हेट सिलेक्शनच्या बाटल्यांना हे विशेष लागू आहे. त्यात पाच प्रकारच्या फळ्यांतून दहा निवडतात, म्हणजे १००१ जुळण्या होतात, आणि सगळ्याच जमून येतात असं नाही. शिवाय ती पाणी न घालता पिंपातल्याच जोरावर भरलेली असते, म्हणून तिची तुलना कास्क स्ट्रेंग्थशी, म्हणजे तशीच पाणी न घालता भरलेल्या मेकर्स मार्कशी करा, साध्या बाटलीशी नको.

गुण पेन्सिलनं लिहा. दहा मिनिटांनी ग्लासात हवा खेळली की आकडा बदलतो. एका काकांचे एकोणीस जेवणानंतर तेरावर आले, आणि ते तेराच बरोबर होते असं आमचं मत.

वयाची अट २१, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. दुकानात स्वतःची बाटली लाल मेणात बुडवता येते. ॲप्रन मिळतो, तरी पांढरा शर्ट टाळा. भारतात जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही. बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोन बसतात, तिसरीवर कस्टम्स भरावं लागेल. मेणाचा ओघळ कपड्यांवर तुटतो, म्हणून बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जुन्या टॉवेलात. टॉवेल घरूनच आणा, हॉटेलचा नको.