जेटमधला तो ‘कचरा’

वर्षभर उभी असलेली जुनी मोटरसायकल चोक ओढला की सुरू होते, चोक काढला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर मात्र ठीक चालते. एवढं ऐकूनच मेकॅनिक सांगतो, “जेटमध्ये कचरा आलाय.” जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, बारीक भोकाचा पितळी तुकडा. निदान बरोबर असतं, शब्द मात्र फसवा. कचरा म्हटलं की बाहेरून आलेली धूळ डोळ्यांपुढे येते आणि भोक टोकरायला हात आपसूक तारेकडे जातो. टाकीतला गंज कधीकधी खाली उतरतोही, पण उभ्या गाडीत जेटचं भोक बहुधा पेट्रोलनेच बुजवलेलं असतं.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट बाउलमध्ये, ते उघड्या हवेच्या संपर्कात असतं. त्यातला हलका भाग उडून जातो. मागे उरलेल्यांपैकी ऑलेफिन नावाच्या रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजन नेमका तिथे भिडतो. आधी पेरॉक्साइडं बनतात, मग रेणूला रेणू चिकटून साखळ्या लांबत जातात. सुरुवातीला काकवीसारखा असलेला थर पुढे लाखेसारखा कडक होतो. तैलरंगातलं जवसाचं तेल सुकतं, तेही साधारण असंच. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावा ओढून घेतं आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या बॉडीवर पांढरी पूड धरते. ती वेगळीच डोकेदुखी.

सगळ्यात आधी बळी जातो पायलट जेटचा, कारण त्याचं भोक सर्वांत बारीक. स्लो स्पीडचं, म्हणजे रेस सोडलेली असतानाचं, पेट्रोल त्याच्यातूनच येतं. पूर्ण रेसवर कारभार मोठ्या भोकाच्या मेन जेटकडे असतो, म्हणून गाडी तेव्हा कुरकुरत नाही. आणि चोक जास्तीचं पेट्रोल देऊन ती उणीव तात्पुरती झाकतो.

खरी गोम अशी की जेट हे नुसतं भोक नाही, ते माप आहे. जुन्या ब्रिटिश अमल कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर इंधन वाहील हेच सांगतो. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते, आणि हा हिशेब सांभाळायला इथे कुठलाही संगणक नसतो. 0.40 मिलिमीटरच्या भोकात आतून चहूबाजूंनी फक्त 0.02 मिलिमीटरचा थर बसला, तर व्यास 0.36 होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून वाट तब्बल 19 टक्क्यांनी आकसते. केसापेक्षाही पातळ थराची ही करामत!

हाच हिशेब तारेलाही लागू पडतो. जेट पितळेचा, पितळ मऊ. पोलादी तारेने खरवडून भोक 0.44 झालं की क्षेत्रफळ 21 टक्के वाढलं, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. नवा जेट आणावा लागतो.

म्हणून हा थर टोकरायचा नाही, विरघळवायचा. जेट काढताना खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच चेपते. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बसायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. रबरी रिंगा बाजूला ठेवा, क्लीनरमध्ये त्या फुगतात. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. थर हट्टी असेल तर अल्ट्रासॉनिक टाकी उपयोगी पडते. त्यातल्या ध्वनिलहरींमुळे द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, तेही जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे. अगदीच अडलं तर नायलॉनचा केस किंवा वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा चालेल.

जेट उजेडासमोर धरून भोक गोल दिसलं, तरी काम अर्धंच झालेलं असतं. पायलटची वाट बॉडीच्या आतूनही जाते. तिच्यात क्लीनर मारला की स्लाइडजवळच्या (रेस दिली की वर सरकणाऱ्या भागाजवळच्या) इवल्या छिद्रांतून फवारा बाहेर आला पाहिजे. त्या वेळी चष्मा लावा, फवारा नेमका डोळ्यांकडेच उडतो. गाडी परत महिनोन्‌महिने उभी करायची असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रूने काढून टाका.