वारेपलीकडचे नॅनोकण: प्रश्न कसा बदलत गेला

स्वच्छतेत इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आले. राजवाड्याच्या रस्त्यावर खरोखर कागदाचा कपटा दिसत नाही. हवेचे मोजमाप मात्र वजनावर चालते: २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. डिझेलच्या धुरातले बहुसंख्य कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. १०० नॅनोमीटरचे १५,६२५ कण एकत्र केले तर २.५ मायक्रॉनच्या (म्हणजे २,५०० नॅनोमीटरच्या) एका कणाएवढे वजन भरते. म्हणजे वजनाच्या मोजमापात हे बारीक कण जवळपास दिसतच नाहीत, आणि गर्भवतीच्या दृष्टीने हीच उणीव मोठी आहे.

सुरुवातीचा प्रश्न साधा होता: कण गर्भापर्यंत पोचतात का? २०१० मध्ये बाळंतपणानंतरच्या मानवी वारेतून (आई आणि गर्भ यांना जोडणाऱ्या प्लासेंटातून) पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे कण सोडून पाहिले, तेव्हा २४० नॅनोमीटरपर्यंतचे पार गेले. २०११ मध्ये ७० नॅनोमीटरचे सिलिकाकण गाभण उंदरांना टोचल्यावर पोटातल्या पिलांच्या मेंदूत आढळले. २०२२ मध्ये तर मानवी गर्भाच्या यकृत, फुप्फुस आणि मेंदूत काजळी सापडली.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधक गटाने प्रश्नाची दिशाच बदलली: कण पलीकडे न जाताही गर्भाला इजा होते का? वारेच्या पेशींचा थर कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांच्या संपर्कात आला की त्या पेशींची आतला कचरा पचवण्याची यंत्रणा, म्हणजे ऑटोफॅजी, बिघडते. थर इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप देणारे प्रथिन सोडतो. पलीकडे वाढणाऱ्या मेंदूच्या मूळपेशींची घडण त्याने बदलते आणि चेतापेशींच्या डीएनएला इजा होते. ही इजा थेट होत नाही, शेजारच्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमार्फत होते. म्हणजे कण मेंदूत सापडला नाही म्हणून मेंदू सुरक्षित, असे म्हणता येत नाही. अर्थात हा धातू कृत्रिम सांध्याच्या झिजेतला आहे, काजळीचा नव्हे. आणि वापरलेल्या बीवो पेशी वारेच्या कर्करोगातून आलेल्या आहेत.

असा प्रयोग करू पाहणाऱ्याने एंडोटॉक्सिन या जिवाणूंच्या विषापासून सावध राहावे. ते कणांना चिकटून येते आणि एकटेच इंटरल्यूकिन-६ वाढवते. त्याच्या चाचणीचा रंगही कण बिघडवतात, म्हणून ठाऊक असलेली मात्रा मुद्दाम मिसळून ती पुरेपूर मोजली जाते का, ते पाहावे. कणांचा आकार पाण्यात मोजून भागत नाही. पेशींच्या द्रवात त्यांचे गठ्ठे होतात आणि ज्या जाळीवर पेशींचा थर वाढवतात तिच्या ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांत अडकतात. थराने कण अडवले असे मग उगाच वाटते. त्यासाठी एक जाळी पेशींविना ठेवावी. आणखी एका नमुन्यात विरघळणाऱ्या कोबाल्टइतकाच कोबाल्ट क्षाररूपात द्यावा, म्हणजे दोष कणाचा की त्यातून विरघळलेल्या धातूच्या आयनांचा हे वेगळे काढता येते.