‘नोट’ मराठीत कशी रुळली

मराठी माणसाला ‘नोट’ म्हटले की आधी खिसा आठवतो, वही नंतर. इंग्रजीत क्रम उलटा होता. लॅटिनमधल्या ‘नोटा’चा अर्थ खूण. खुणेवरून टिपण, टिपणावरून पैसे देण्याचे लेखी वचन आणि बँकेने असे वचन छापून दिले की ती बँकनोट. या प्रवासाचे शेवटचे टोक आपल्याकडे आधी पोचले. व्याकरणच त्याची साक्ष देते. पैशाची ती नोट आणि अनेक असल्या की ‘नोटा’, जशी वाट आणि वाटा. अभ्यासाच्या मात्र ‘नोट्स’. पहिल्या शब्दाला आपण घरचे अनेकवचन दिले. दुसरा कॉलेजच्या वर्गातून आला तो इंग्रजी अनेकवचन घेऊनच आला आणि तसाच राहिला.

पुढे जिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या, त्या नाशिक परिसराला नोट येण्याआधी पैसा ठाऊक होता तो धातूचा. चांदवडला टांकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चाले. खुद्द नाशिकचे रुपयेही ‘गुलशनाबाद’ या नावाने पडत. आपल्या भाषेतला विश्वास अजून त्याच काळातला आहे. चांगला माणूस ‘बंदा रुपया’ असतो, गुण ‘खणखणीत नाण्या’सारखे असतात. नोटेला असा मान भाषेने दिला नाही. ती कोरी करकरीत असते, नाहीतर फाटकी असते, एवढेच.

कागदावर पैसा लिहिणे आपल्याला नवे नव्हते, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. पेठेतल्या पेढ्या हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, काढत. पण हुंडी बहुधा माणूस बघून वटे. नामजोग हुंडीचे पैसे तिच्यावर नाव असलेल्यालाच मिळत, शहाजोग हुंडीचे बाजारात पत असलेल्यालाच. नोटेने ही चौकशीच काढून टाकली. ज्याच्या हातात कागद, त्याचा पैसा. ‘धारक’ हा शब्द आपण रोज वाचतो आणि सोडून देतो, पण नोटेचे सगळे वेगळेपण त्याच शब्दात आहे.

1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क प्रेसिडेन्सी बँकांकडून, म्हणजे बंगाल, मुंबई आणि मद्रास इथल्या बँकांकडून, सरकारकडे गेला. या सुरुवातीच्या नोटा इंग्लंडात छापून येत. लोकांनी त्या लगेच जवळ केल्या नाहीत आणि त्याला कारण होते. नोटांसाठी देश मंडळांत, म्हणजे विभागांत, वाटलेला होता आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात कायदेशीर चलन नव्हती. मुंबईची नोट लाहोरच्या दुकानदाराने घेतलीच पाहिजे असे बंधन नसे. टपालाने पैसे पाठवताना लोक नोट मधोमध कापत. अर्धा भाग आधी रवाना करायचा, तो पोचल्याचे कळले की उरलेला. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धाच कागद पडे. 1903 ते 1911 या काळात 5, 10, 50 आणि 100 रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालू लागल्या. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1917 मध्ये एक रुपयाची नोट आली. माझ्या मते हा शब्द सामान्य घरात शिरला तो तिच्यामुळे. शंभराची नोट सावकाराकडे असायची, रुपया मजुराच्याही हातात यायचा.

त्यानंतर या शब्दाचा नाशिकशी कायमचा संबंध जुळला. 1925 मध्ये नाशिकरोडला, मुंबईहून येणाऱ्या रेल्वेच्या मुख्य मार्गावर, सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. 1928 मध्ये नोटांची छपाई सुरू झाली. पहिली नोट पाच रुपयांची, पंचम जॉर्जच्या चित्राची. 1932 पर्यंत देशाच्या सगळ्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. 1938 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या नोटा आल्या. फाळणीनंतर पाकिस्तानला लगेच स्वतःच्या नोटा काढता येईनात, तेव्हा 1948 मध्ये भारतीय नोटांवरच पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजी आणि उर्दूत छापले गेले. 1959 मध्ये आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाचे रुपये निघाले, तेही भारतातूनच. देवास, म्हैसूर आणि सालबोनी ही ठिकाणे नोटा छापणाऱ्यांच्या यादीत आली ती पुष्कळ नंतर.

त्यामुळे इथल्या बोलण्यात ‘नोट’ एकटी क्वचित येते. नाशिकरोडला, जेलरोडला, उपनगरला ती ‘प्रेस’च्या सोबत येते. ‘तो नोट प्रेसला आहे’ म्हटले की नोकरी कळते. ‘सिक्युरिटी प्रेस’ आता वेगळी, ती म्हणजे टपाल तिकिटे, स्टँप पेपर, पासपोर्ट. गांधीनगरची प्रेस आणखी वेगळी, सरकारी छपाईची. बाहेरचा पाहुणा या तिन्हींना एकच समजतो, इथला माणूस लगेच दुरुस्त करतो. ‘माझ्याकडे काय नोटा छापायचा कारखाना आहे?’ हे वाक्य महाराष्ट्रभर मुलांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. इथे ते ज्यांचे हात खरोखर नोटा छापतात अशांच्या घरातही बोलले गेले असणार, कारण त्यांचाही पगार मोजकाच.

एक रुपयाच्या नोटेवर ‘धारक को अदा करने का वचन’ नसते. ती रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढते आणि सही वित्त सचिवांची असते. म्हणजे इंग्रजीत ज्या वचनावरून या कागदाला नोट म्हणू लागले, ते वचनच हिच्यावर नाही. तरीही ती नोटच.

मोठ्या नोटा 1946 आणि 1978 मध्येही रद्द झाल्या होत्या. पण 8 नोव्हेंबर 2016 नंतर लोकांनी त्याला ‘नोटबंदी’ असे नाव दिले. ‘निश्चलनीकरण’ हा शब्द अग्रलेखांत राहिला. दारूबंदी, नसबंदी यांच्याच साच्यात ‘नोट’ सहज बसली आणि बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.