किंग्जचा ऑक्टोबर

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळायला उतरले, तेव्हा प्रेक्षकांत मुंबईच्या शाळांमधली सुमारे ३,००० मुलं होती. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा भारतातला हा पहिला सामना. निकाल जादा वेळेत लागला आणि किंग्ज १३२-१३१ असे एका गुणाने हरले. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ते पुन्हा हरले, १३०-१०६. दोन्ही सामने हंगामपूर्व होते, म्हणजे गुणतक्त्यात त्यांची नोंद नाही आणि खेळाडूंच्या कारकिर्दीच्या आकडेवारीतही नाही. तरी किंग्जच्या चाहत्याला हे आकडे पाठ असतात. ते का, हे समजायचं तर या संघाचा मागचा सगळा प्रवास पाहावा लागतो.

आधी हंगामपूर्व सामने म्हणजे काय ते पाहू. सप्टेंबरच्या अखेरीस प्रत्येक संघाचं सराव शिबिर लागतं आणि ऑक्टोबरात चार-पाच, फार तर सहा सामने होतात. शिबिराला २१ खेळाडू नेता येतात. हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत त्यांतले पूर्ण कराराचे १५ आणि टू-वे कराराचे, म्हणजे मुख्य आणि दुय्यम दोन्ही लीगमध्ये खेळू शकणारे, ३ एवढेच उरतात, बाकीच्यांना घरी किंवा दुय्यम लीगमध्ये जावं लागतं. त्यामुळे एकाच सामन्यात दोन वेगळे खेळ चाललेले असतात. पहिल्या दीड-दोन सत्रांत मुख्य पाच जण नवे डावपेच घोटून घेतात. त्यांना जिंकण्याची घाई नसते आणि प्रशिक्षकालाही त्यांना दमवायचं नसतं. शेवटच्या सत्रात मात्र ज्यांची नावं समालोचकालाही कागदात बघून सांगावी लागतात ते उतरतात, आणि त्यांच्यासाठी ती बारा मिनिटं म्हणजे नोकरीची मुलाखत असते. फळ्यावर दिसणारा अंतिम गुणफलक या दोन खेळांची बेरीज असतो. म्हणूनच तो फसवतो.

सिम भुल्लरचं उदाहरण मला नेहमी आठवतं. पंजाबी आईवडिलांचा, टोरांटोत जन्मलेला, सात फूट पाच इंच उंचीचा मुलगा. ऑगस्ट २०१४ मध्ये किंग्जने त्याच्याशी करार केला. शिबिर झालं, हंगामपूर्व सामने झाले आणि हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर त्याला कमी केलं. तो संघाच्या रेनोतल्या दुय्यम संघात गेला आणि तिथे खेळत राहिला. एप्रिल २०१५ मध्ये त्याला दहा दिवसांचा करार मिळाला आणि ७ एप्रिलला मिनेसोटाविरुद्ध तो मैदानात उतरला. जेमतेम १६ सेकंद. एनबीएमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं ते त्या १६ सेकंदांमुळे. ऑक्टोबरचं शेवटचं सत्र पाहताना मी टीव्ही बंद करत नाही, त्याचं कारण हेच. त्यांतल्या कुणाचा तरी एप्रिल असा येऊ शकतो.

आता संघाकडे येऊ. हा एनबीएमधल्या सर्वांत जुन्या संघांपैकी एक. रॉचेस्टर रॉयल्स या नावाने त्यांनी १९५१ साली न्यूयॉर्क निक्सला सात सामन्यांत हरवून विजेतेपद मिळवलं. आजवरचं ते एकमेव. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीला गेला. तिथे ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ च्या पूर्ण हंगामात सरासरीने ट्रिपल-डबल केलं, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी: ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), ११.४ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने गुण केले असे पास). तरी विजेतेपद आलं नाही. १९७२ मध्ये कॅन्सस सिटी, तिथे नाव बदलून किंग्ज, आणि १९८५ मध्ये सॅक्रमेंटो.

सॅक्रमेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी खरी, पण मोठ्या लीगचा दुसरा कुठलाही संघ तिथे तेव्हा नव्हता. सुरुवातीच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये १०,३३३ जण बसायचे आणि जागा रिकामी राहत नसे, संघ हरत असला तरी. पुढे लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराला गुराख्यांचं गाव म्हणून हिणवलं, तेव्हा लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला यायला लागले. पाहुणा संघ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा शॉट, घ्यायला उभा राहिला की तो घणघणाट टीव्हीवरही कानठळ्या बसवायचा.

त्या घंटांचा सुवर्णकाळ म्हणजे प्रशिक्षक रिक अॅडलमन यांचा संघ. ख्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी आणि बचावाला डग क्रिस्टी. २००१-०२ मध्ये ६१ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सशी गाठ पडली. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले, आणि पंचांच्या त्या शिट्ट्यांबद्दल सॅक्रमेंटोत आजही कुणाशी बोला, आवाज चढतो. माझाही चढतो. पण सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, किंग्जने ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले आणि जादा वेळेत हरले. हेही सांगितलंच पाहिजे.

२००६ मध्ये संघ शेवटचा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, दिसला आणि मग दार बंद झालं. सलग १६ हंगाम. एनबीएच्या इतिहासात इतका काळ कुठलाच संघ प्लेऑफबाहेर राहिलेला नाही. २००८-०९ मध्ये तर ८२ पैकी १७ सामने जिंकले. या काळाची कारणं लोक खेळाडूंच्या निवडीत शोधतात, आणि त्यात तथ्य आहे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर लुका डोन्चिच उपलब्ध असताना मार्विन बॅग्लीला घेतलं, हा घाव सगळ्यांत खोल. पण माझ्या मते मूळ दुखणं दुसरं आहे. या १६ हंगामांत, तात्पुरते धरून, ११ प्रशिक्षक झाले. मसलमन, थीअस, नॅट, वेस्टफल, स्मार्ट, मलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेंट्री. प्रत्येक नवा माणूस आपली पाटी कोरी घेऊन आला. प्रतिस्पर्ध्याने वाटेत अंग आडवं घातलं, म्हणजे स्क्रीन लावला, की बचावात माणूस बदलायचा की पाठलाग करायचा, हे आदल्या वर्षी अंगवळणी पडलेलं ऑक्टोबरात विसरायचं आणि नवं शिकायचं. बाकीचे संघ शिबिरात चौथा धडा गिरवत असताना आमचे खेळाडू दर थोड्या वर्षांनी पहिल्या धड्यावर.

त्यात संघच शहरातून जाईल ही धास्ती. २०११ च्या एप्रिलमध्ये हंगामाचा शेवटचा सामना लेकर्सविरुद्ध होता आणि संघ अॅनहाइमला जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. सामना जादा वेळेत हरला, तरी लोक जागेवरून उठेनात. समालोचकांना बोलताना रडू फुटलं. संघ वाचला. दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली, या वेळी सिअॅटलच्या खरेदीदारांमुळे. मे २०१३ मध्ये लीगच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला. वरळीतल्या त्या दोन सामन्यांचा उगम इथे आहे.

पुढचं शिबिर आपल्या गावात लागेल की नाही याची ज्याने दोनदा वाट पाहिली, त्याला ऑक्टोबरातला सराव सामना किरकोळ वाटत नाही. शिवाय वर्षातला तो एकच महिना असा, जेव्हा आमची आणि लेकर्सची पराभवांची संख्या सारखी, शून्य. सॅक्रमेंटोत संध्याकाळी सातला चेंडू उडतो तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. चहा घेत पहिलं सत्र पाहायचं आणि उरलेला दिवस त्या बारा मिनिटांवर काढायचा, हे मी वर्षानुवर्षं केलं आहे.

पण त्या बारा मिनिटांत काय पाहायचं, हे मला दोन ऑक्टोबरांनी शिकवलं.

पहिला २०१९ चा. आदल्या हंगामात किंग्जने ३९ सामने जिंकले होते, वेगवान आणि तरुण खेळ होता, डीॲरन फॉक्स आणि बडी हील्ड बहरात होते. तरी जोर्गर यांना काढून ल्यूक वॉल्टन यांना आणलं. म्हणजे पुन्हा पहिला धडा, आणि त्यातला एक आठवडा मुंबईच्या प्रवासात. डोममध्ये गुण भरपूर झाले, कारण कुणीच कुणाला अडवत नव्हतं. दोन सामन्यांत २६२ गुण दिले. आम्ही म्हटलं, प्रवासाचा थकवा आहे. हंगाम सुरू झाला आणि पहिले पाचही सामने हरले. पहिल्याच सामन्यात बॅग्लीचा अंगठा मोडला. म्हणजे आकड्यांनी खरं सांगितलं होतं का? थोडंफार. पण खरी खूण गुणफलकात नव्हती. आदल्या वर्षी चेंडू हाती येताच पळणारा संघ आता अर्ध्या मैदानात थांबून प्रशिक्षकाकडे पाहत होता, आणि ते वरळीतच दिसलं होतं.

दुसरा २०२२ चा. त्या फेब्रुवारीत मोठा व्यवहार झाला होता. चाहत्यांचा लाडका टायरीस हॅलिबर्टन पेसर्सला गेला आणि तिकडून डोमांटास सबोनिस आला. सोबत हील्डही गेला. म्हणजे वरळीत एकमेकांविरुद्धच्या संघांत असलेल्या हील्ड आणि सबोनिस या दोघांनी जर्सी बदलल्या. हॅलिबर्टन गेल्याचं दुःख मोठं होतं आणि मी ते लपवणार नाही. मग उन्हाळ्यात माइक ब्राउन प्रशिक्षक झाले, केव्हिन हर्टर आणि मलिक मंक आले, ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरी मिळाला. हंगामपूर्व चारही सामने किंग्जने जिंकले. लेकर्सना तर एकदा १०५-७५ आणि एकदा १३३-८६ असं धुतलं.

आणि हंगामाचे पहिले चारही सामने हरले.

त्या आठवड्यात, सोळा वर्षं सोसलेल्या लोकांनी काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा. पण जो ऑक्टोबरातला खेळ पाहत होता त्याने धीर धरला, कारण तिथे एक गोष्ट अगदी लख्ख दिसली होती. सबोनिस कोपरापाशी, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी, चेंडू धरून उभा राहायचा. हर्टर त्याच्या अंगाला घासून वळसा घालायचा. बचावपटू सबोनिसच्या रुंद खांद्याला अडकला की चेंडू हर्टरच्या हातात आणि तीन गुणांचा शॉट. बचावपटू आधीच पुढे सरकला की हर्टर मागच्या मागे बास्केटकडे पळायचा आणि सबोनिस तिथे पास द्यायचा. फॉक्स आणि मंक तर केंटकी विद्यापीठापासून एकत्र खेळलेले. ही वीण सराव सामन्यांत घट्ट होती आणि चार पराभवांतही सुटली नाही. हंगाम संपला तेव्हा ४८ विजय, पश्चिमेत तिसरा क्रमांक, तोवरच्या एनबीएतलं सर्वांत प्रभावी आक्रमण आणि ब्राउन यांना एकमताने सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळा झोत आकाशात जायचा. सोळा वर्षांचं दार उघडलं. पहिल्याच फेरीत वॉरियर्सनी सातव्या सामन्यात हरवलं, स्टेफ करीने ५० गुण केले, तरी त्या वर्षाचं माझ्या मनातलं स्थान हललेलं नाही.

तेव्हापासून उतार. पुढच्या वर्षी ४६ विजय आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत, पराभव. २७ डिसेंबर २०२४ ला ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, झॅक लाव्हीन आला. ४० विजय आणि पुन्हा प्ले-इनमध्ये हार. त्याच जूनमध्ये हॅलिबर्टन पेसर्सकडून अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला, आणि तिथे त्याच्या टाचेमागची शीर (अकिलिस टेंडन) फाटली. सॅक्रमेंटोतही त्या रात्री लोक हळहळले.

२०२५-२६ च्या तोंडावरची पार्श्वभूमी ही अशी होती. प्रशिक्षक डग क्रिस्टी, तोच २००२ च्या संघातला, २००३ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचात निवडलेला. मध्येच जबाबदारी मिळालेल्या क्रिस्टी यांचं ते पहिलं पूर्ण शिबिर. हातात सबोनिस, लाव्हीन, डेमार डिरोझन, मंक, नवा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा) डेनिस श्रोडर, आणि ऑक्टोबरात आलेला रसेल वेस्टब्रुक. गुण करणारे हात भरपूर होते, पण ते सगळे तिशीच्या आसपास किंवा पलीकडे आणि चेंडू हातात हवा असणारे. बास्केटसमोर उडी घेऊन अडवणारा कुणी नव्हता. सबोनिस रिबाउंड ओढतो, पण शॉट अडवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला न अडवणारा संघ मिळाला, ही माझी खरी चिंता होती. प्लेऑफ मला दिसत नव्हता.

त्यात मरी, प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक खेळाडू ज्याच्यावर सोपवायचा तो एकमेव उंच बचावपटू, हंगामपूर्व सामन्यातच डाव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया ओढवून बसला. २०१९ मध्ये बॅग्लीचा अंगठा, या वेळी हा. मरीच्या जागेवर पहिला प्रयोग होईल तो नीक क्लिफर्डवर, असं मला वाटत होतं. पाच वर्षं कॉलेजात खेळून आलेला, २४ व्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा आपल्या माणसाला सोडत नाही आणि रिबाउंडसाठी कोपऱ्यातून धावत येतो. त्याला मिनिटं किती मिळतात आणि चूक झाल्यावर क्रिस्टी त्याला मैदानात ठेवतात की बाकावर बसवतात, एवढंच मी २०२५ च्या त्या ऑक्टोबरात वहीत लिहून ठेवत होतो.