मदरबोर्ड नेमका कुठे अडला?

संगणकाचं बटण दाबलं आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, की आपल्याकडे दोन शब्दांत निकाल लागतो: ‘बोर्ड गेला.’ मग नवा बोर्ड घ्यायचा, त्यावर जुना प्रोसेसर बसत नाही म्हणून तोही नवा, जुनी रॅम चालत नाही म्हणून तीही नवी. सोलापूरच्या नवी पेठेतल्या कापड दुकानाचे वर्षभराचे हिशेब किंवा अभियांत्रिकीच्या मुलाचा प्रोजेक्ट त्या डब्यात अडकलेला असेल, तर घाईघाईने पैसे मोजलेही जातात. माझ्या मते हा निकाल फार लवकर दिला जातो.

बोर्ड एका झटक्यात सुरू होत नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर येईपर्यंत अनेक टप्पे ठरलेल्या क्रमाने पार पडतात, आणि आधीचा टप्पा नीट झाल्याची खूण मिळाल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो बिघडलेला नसतो, सदोष कापड विणायचं त्याने नाकारलेलं असतं. गप्प पडलेला बोर्डही पुष्कळदा असाच स्वतःहून थांबलेला असतो. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, तो कुठल्या टप्प्यावर थांबला?

पहिला टप्पा तर बटण दाबायच्या आधीच झालेला असतो. भिंतीवरचा स्विच चालू केला की कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घरातल्या २३० व्होल्टच्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतो. २३० हा आकडा त्या विजेच्या लाटेचा परिणामी जोर सांगतो, लाटेचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर असतं, आणि आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, किमान तेवढा दाब (व्होल्टेज) साठतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे राहतो. म्हणून मल्टिमीटर वापरायला शिकलेल्यांनीसुद्धा एसएमपीएसचा डबा उघडू नये. त्याच्या बाहेर येणाऱ्या वायरी तपासणं मात्र सुरक्षित आहे. त्यातल्या जांभळ्या वायरीवर बटण न दाबताही ५ व्होल्ट असतात. याला स्टँडबाय म्हणतात. बटणाची वाट पाहत बसलेला बोर्डाचा छोटासा भाग याच विजेवर जागा असतो.

बोर्डावर एखादा बारीक दिवा लागलेला दिसला, तर स्टँडबाय पोचतोय असं समजावं. दिवा नसेल तर आधी सॉकेट, पॉवर कॉर्ड आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा स्विच पाहावा. मग मल्टिमीटरने जांभळी वायर मोजावी. आकडा ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवा. एसएमपीएस बोर्डाला जोडलेला असताना शून्य आणि काढल्यावर बरोबर पाच, तर बहुधा बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे. दोन्ही वेळा शून्य, तर दोष एसएमपीएसचा. आताच्या बऱ्याच एसएमपीएसच्या वायरी सरसकट काळ्या असतात. तेव्हा २४ पिनांच्या कनेक्टरमधली जागा मोजावी लागते: जांभळी नववी, आणि पुढे येणाऱ्या दोन वायरी, हिरवी सोळावी, करडी आठवी.

कॅबिनेटवरच्या बटणाबद्दल फार गैरसमज आहे. ते वीज जोडत नाही. बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवणं एवढंच त्याचं काम. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून हे असंच आहे. पिना टेकल्या की बोर्ड हिरव्या वायरीवरचा दाब शून्याजवळ खेचतो आणि त्या खुणेने एसएमपीएस पूर्ण वीज सोडतो: पिवळ्या वायरीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. धुळीने बटणच निकामी झालं असेल तर त्याच दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावल्यावर संगणक सुरू होतो आणि हजारोंचा खर्च वाचतो. पिना नेमक्या कुठल्या, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच हे करावं.

कधी पंखा एकच झटका घेतो आणि थांबतो. ही मोलाची खूण आहे. एसएमपीएसने वीज सोडली, कुठेतरी प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला गेला, आणि आग लागू नये म्हणून त्याने स्वतःच वीज तोडली. इथे एकेक सुटा भाग काढून पाहायचा: ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, समोरच्या यूएसबीची वायर. प्रत्येक वेळी आधी प्लग काढायचा. बोर्डही कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहावा. बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला एखादा पितळी खुंट किंवा सांडलेला स्क्रूसुद्धा असा शॉर्ट करतो.

वीज आली म्हणून प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. सगळे दाब स्थिरावल्यावर एसएमपीएस करड्या वायरीवर ‘आता ठीक आहे’ अशी खूण देतो. त्याला सेकंदाचा दहावा ते अर्धा भाग लागतो. मग प्रोसेसरभोवतीची विद्युत मंडळं १२ व्होल्टचे साधारण १ ते १.४ व्होल्ट करतात. दाब एवढासा, पण प्रवाह प्रचंड. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालत असेल तर तो ५० हून जास्त अँपिअर ओढतो. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणून पेंटियम ४ च्या काळापासून प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचा स्वतंत्र कनेक्टर असतो. साफसफाईनंतर तो जोडायचा राहून गेला की पंखे गरगर फिरतात, पडदा मात्र काळा. पंख्याला फक्त १२ व्होल्ट हवे असतात. पंखा फिरतो यावरून प्रोसेसर जागा आहे असं म्हणता येत नाही.

आता सगळ्यात सुंदर टप्पा. प्रोसेसरला थोपवून धरणारी रीसेटची खूण सुटली की तो आपली पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावर शोधतो: ४ जीबी पत्त्यांच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे. त्या पत्त्यावर बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, चिप उत्तर देते. पण पुष्कळ संगणकांत रॅम अजून चालूच झालेली नसते. ती किती क्षमतेची, किती वेगाची हेच कुणाला माहीत नसतं. मग बायोस प्रोसेसरच्या पोटातली छोटी स्मृती, म्हणजे कॅश, तात्पुरती रॅम म्हणून वापरतं, रॅमच्या पट्टीवरच्या एका बारीक चिपमधून तिची कुंडली वाचतं आणि मग तिला कामाला लावतं. ज्या स्मृतीवर पुढे सगळं चालायचं, ती नसतानाच तिला जागं करायचं हे काम दर वेळी आपल्या नकळत घडतं. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं.

यातूनच एक परीक्षा निघते, आणि घरच्या घरी करता येण्यासारख्या सगळ्या परीक्षांमध्ये मी तिला पहिला नंबर देईन. वीज तोडून सगळी रॅम काढा, बोर्डाला छोटा बझर जोडा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक बोर्ड रॅम नसल्याची तक्रार बीप वाजवून करतात. हा बीप ऐकू आला तर केवढी तरी गोष्ट सिद्ध झाली: वीज नीट आहे, प्रोसेसर आज्ञा पाळतोय, बायोसची चिप शाबूत आहे. ‘गेलेला’ ठरवलेला बोर्ड बोलतोय! आता दोष रॅममध्ये, तिच्या खाचेत किंवा त्यापुढच्या टप्प्यांत शोधायचा. बऱ्याच नव्या बोर्डांवर बझरऐवजी प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट असे चार दिवे असतात. जो लागून राहील तिथे गाडी अडलेली. दुरुस्तीवाल्यांकडे दोन अंकी आकडा दाखवणारं डायग्नोस्टिक कार्डही असतं. बायोस प्रत्येक टप्प्यावर एक सांकेतिक आकडा बाहेर टाकतं, तो हे कार्ड दाखवतं.

रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली की संगणक सुरू होतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. तिच्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही, मग असं का व्हावं? रोजच्या तापण्या-निवण्याने पट्टी आणि खाचेतल्या स्प्रिंगा एकमेकींवर किंचित सरकत राहतात, आणि मधे धूळ आणि चिकट थर शिरतो. पट्टी काढून घालताना तो थर घासला जातो. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे, पण तो मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, हे लक्षात ठेवावं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड हा त्याहून चांगला उपाय.

डीडीआर५ रॅम असलेला नवा संगणक जुळवला असेल तर घाई मुळीच करू नये. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेळेचं गणित जुळवत बसतो आणि त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. ‘चालू होत नाही’ म्हणून कुणी मधेच वीज तोडली की ते गणित पुन्हा पहिल्यापासून.

सेटिंग बिघडल्याने अडलेला बोर्ड बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर आणल्यावर सुटतो. प्लग काढून, सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवायचा किंवा पुस्तिकेत दाखवलेला जंपर (दोन पिना जोडणारी बारीक टोपी) वापरायचा. आणि एवढं करण्याआधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकून बोर्डाला तर लावलेली नाही ना, हेही पाहून घ्यावं.

सोलापुरात बोर्ड आणि एसएमपीएसला तीन गोष्टी विशेष छळतात, आणि त्यांतली पहिली अर्थातच ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांवर जातो. साध्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, म्हणजे रोज दहा तास धरले तर जवळपास नऊ वर्षं. तोच ७५ अंशांना राहिला तर साडेचार वर्षांच्या आतच संपेल. नव्या बोर्डांवर आता बहुतेक घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात, पण एसएमपीएसमध्ये द्रवाचेच असतात. थकलेल्या कॅपॅसिटरची ओळख अशी: डिसेंबरच्या सकाळी संगणक दोन-तीन प्रयत्नांनंतर सुरू होतो आणि एकदा ऊब आली की दिवसभर नीट चालतो. थंडीत त्यातल्या द्रवाचा रोध वाढतो, म्हणून हे असं होतं. डोक्यावर फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला कॅपॅसिटर तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते. त्या द्रवात ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारं पुरेसं रसायन नव्हतं, आत हायड्रोजन तयार व्हायचा आणि टोपी फुटायची. कॅपॅसिटर बदलून असे कित्येक बोर्ड पुन्हा उभे राहिले.

दुसरी गोष्ट कापसाचे तंतू. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलांच्या मागांजवळ ठेवलेला संगणक उघडला की हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) तंतूंची गादीच जमलेली दिसते. उष्णता कोंडते, आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडणाऱ्या संगणकाचं हे एक नेहमीचं कारण. शिवाय कापूस ओल धरतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी शोषतो. पावसाळ्यात धूळ आणि ओल धरलेले हे तंतू दोन पिनांच्या मधे पडले की वीज झिरपायला वाट मिळते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर उलटा फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो.

तिसरी गोष्ट अर्थिंग, आणि तिच्याबद्दल मला फार काळजी वाटते. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, जमिनीतल्या पट्टीशी तिचा संपर्क सुटतो आणि कोरड्या मातीचा रोधही वाढतो. जुन्या घरांत तर तीन पिनी सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटच्या धातूशी जोडणारे. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट दोन्हींच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्या. प्रवाह एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, पण संगणक चालू ठेवून मॉनिटर किंवा टीव्हीची केबल खुपसली की तोच प्रवाह पोर्टमधून वाट काढतो आणि नाजूक चिप जाळू शकतो. आणि उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड होऊन फेज कॅबिनेटला टेकली, तर बोर्डापेक्षा माणसाचा जीव धोक्यात. झिणझिण्या लागत असतील तर आधी वायरमन बोलवावा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची पद्धत आपल्याकडे आहे, ती शास्त्राला धरूनच आहे.

एवढं सगळं पाहूनही बोर्ड अडलाच, तर काम कसलेल्या कारागिराचं. प्रोसेसरजवळचा एखादा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा बारीक भाग) शॉर्ट झालेला असेल तर तो मीटरने सापडतो आणि बदलता येतो. बायोसच्या चिपमधला मजकूर बिघडला असेल तर प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने तो नव्याने लिहिता येतो. प्रोसेसरखालच्या पिना वाकल्या असतील तर भिंग आणि सुई घेऊन सरळ करता येतात. बोर्डाच्या आतल्या थरांतल्या वाटा जळल्या असतील तर मात्र नवा बोर्ड घेणंच बरं.

दुरुस्त झालेला किंवा नवा बोर्ड जुन्या एसएमपीएसला जोडण्याआधी तो एसएमपीएस तपासून घ्या, कारण पहिल्या बोर्डाचा बळी कदाचित त्यानेच घेतलेला असतो. नुसत्या पंख्यावर तपासून भागत नाही. कारागिराला पुरेसा भार जोडून मोजायला सांगा. त्या भारावर पिवळ्या वायरीवरचा आकडा ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर गेला, तर तो एसएमपीएस पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवू नका.