किरणोत्सवाच्या दोन तारखांच्या मधोमध

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला संध्याकाळी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यातले दिवे मालवले जातात आणि देवळात उभी असलेली गर्दी एकदम शांत होते. महाद्वारातून आलेलं मावळतीचं ऊन गरुड मंडप ओलांडतं, पितळी उंबऱ्यावर चमकतं आणि आत सरकतं. त्या तिरिपेत तरंगणारा धुळीचा कण न् कण दिसतो. आधी देवीचे पाय उजळतात, मग गुडघे, मग कंबर. किरणं वर चढत चेहऱ्यापर्यंत पोहोचली, की इतका वेळ रोखलेला श्वास ‘अंबा माता की जय’ होऊन बाहेर पडतो. हाच किरणोत्सव. सगळा खेळ जेमतेम काही मिनिटांचा.

किरणं पायांकडून वर चढतात, कारण बाहेर सूर्य खाली उतरत असतो. तो उंच असताना दारातून आलेलं ऊन जमिनीवरच पडतं. तो जसजसा टेकतो तसतशी किरणं आडवी होतात आणि खोलवर, उंचावर पोहोचतात.

पण माझं मन कायम रमतं ते तारखांमध्ये. हाच सोहळा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा होतो. वर्षातून दोनदाच का, आणि याच दिवशी का?

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर रोज संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूननंतर तो रोज थोडा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरात थांबतो, वळतो आणि त्याच वाटेनं परत येतो. म्हणून क्षितिजावरच्या मधल्या कुठल्याही जागी तो वर्षातून दोनदा मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. किरणोत्सवाची जागा नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला येते. त्या दिवसांत सूर्य रोज आपल्या बिंबाच्या निम्म्याहून थोडा अधिक सरकतो. म्हणून सोहळा दोन-चार दिवसांत आटोपतो.

आता बोटांवर मोजून बघा. १० नोव्हेंबरपासून ४१ दिवस पुढं गेलं की २१ डिसेंबर येतो. १ फेब्रुवारीपासून ४१ दिवस मागं आलं की २२ डिसेंबर. म्हणजे सूर्य वळतो तो याच सुमाराला. हेच खरं उत्तरायण.

मग तिळगूळ आपण १४ जानेवारीला का वाटतो? संक्रांत मोजतात ती ताऱ्यांच्या संदर्भानं, सूर्य मकर राशीत शिरला की. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं घेतो. त्यामुळं ऋतूंच्या तुलनेत संक्रांत साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढं जाते. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकत्र येत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. किरणोत्सव मात्र ताऱ्यांकडे बघत नाही, क्षितिजाकडे बघतो. त्याच्या तारखा या डुलण्यानं हलत नाहीत. अक्षाचा कल अगदी हळू कमी होतोय खरा, पण त्यामुळं मावळतीची जागा हजार वर्षांत फार तर बिंबाच्या पावभर सरकते.

इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेस राजाच्या देवळात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीला पहाटेची किरणं आतल्या मूर्तींपर्यंत जातात. चार मूर्तींपैकी अंधाराशी नातं सांगणारा प्ताह देव मात्र अंधारातच राहतो. या तारखांचा मध्यही २२ डिसेंबरलाच येतो! धरणाच्या पाण्यापासून वाचवायला १९६० च्या दशकात हे अख्खं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर उंचावर हलवलं, आणि तेव्हाही किरणांची वाट जपली. आज तिथं नुबियन गाण्या-वाजवण्याचा उत्सव भरतो. आयर्लंडमधल्या सुमारे ५,००० वर्षं जुन्या न्यूग्रेंज या दगडी थडग्यात तर थेट वळणाच्या दिवसाचीच पहाट निवडली आहे. तिथं सूर्य जवळजवळ थबकलेला असतो, म्हणून उजेड बरेच दिवस येतो आणि आत जाण्यासाठी सोडत काढावी लागते. न्यूयॉर्कमध्ये मे अखेरीस आणि जुलैच्या मध्याला मावळता सूर्य सरळ रस्त्यांच्या टोकाला येतो. तिथले रस्ते कुणी सूर्यासाठी आखले नव्हते, तरी लोक रस्त्यात थांबून पाहतात.

आपल्याकडची वाट मात्र नाजूक आहे. क्षितिजाजवळच्या सूर्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत तीसेक पट तरी जाड. त्यात दिवाळीनंतरचं धुकं, धूळ, धूर मिसळला की तिरीप गुडघ्याशीच विरते. ढगांना इलाज नाही. पण महाद्वारापुढच्या रस्त्यावरचा एखादा वाढीव मजला, छपरावरची टाकी, जाहिरातीचा फलक यांना आहे. देवळाचा दगड जपणं जितकं गरजेचं, तितकीच त्याच्यासमोरची मोकळी हवा जपणं गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

यंदा ११ तारखेची आरती झाली, की दुसऱ्या संध्याकाळपासून रंकाळ्याच्या काठी एकच जागा धरून उभं राहा. सूर्य कुठल्या झाडामागं बुडतो ते रोज टिपून ठेवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओळीनं सात-आठ दिवस तेच झाड लिहावं लागेल.