सिनेमा हवेतून जातो तेव्हा त्याची किल्ली कोणाकडे असते?

सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट असो की जत तालुक्यातली एखादी वस्ती, हा अनुभव आता बऱ्याच घरांत आलेला आहे. रीतसर पैसे भरून मोबाईलवर घेतलेला सिनेमा मोठ्या टीव्हीवर दिसावा म्हणून स्क्रीन मिररिंग चालू करावं, तर आवाज येतो आणि चित्राच्या जागी नुसता काळा पडदा. मग टीव्ही बंद-चालू होतो, राउटरची वायर काढून घातली जाते, वाय-फायला नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा वाय-फायचा काही दोष नसतो. तुमच्या फोनने टीव्हीला काही प्रश्न विचारलेले असतात, त्यांची पटणारी उत्तरं मिळालेली नसतात, आणि म्हणून फोन चित्र द्यायचं नाकारतो. हे प्रश्न काय असतात आणि ते विचारावे का लागतात, ते समजून घेण्यासारखं आहे. गणिताचा इतका सुंदर उपयोग रोजच्या वापरात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

वायरमधून जाणारी गोष्ट वायरीच्या टोकालाच पोचते. रेडिओलहरींचं तसं नाही. त्या सगळीकडे पसरतात आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक अँटेनावर आदळतात. डीटीएचचं उदाहरण घ्या. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येणारा सिग्नल तासगावच्या द्राक्षबागेवरही पडतो आणि मिरजेच्या स्टेशनवरही. ज्याने रिचार्ज केलंय त्याच्या छतावर पडतो, आणि ज्याने केलं नाही त्याच्याही. सिग्नल अडवता येत नाही, म्हणून तो कुलूपबंद करून पाठवायचा आणि किल्ली फक्त पैसे भरणाऱ्याला द्यायची, एवढा एकच मार्ग उरतो. ही किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि नवी किल्लीही उपग्रहावरूनच येते, पण तीही बंद स्वरूपात. ती उघडण्याचा अधिकार सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डाला किंवा चिपला असतो. रिचार्ज केल्यावर ‘बॉक्स थोडा वेळ चालू ठेवा’ असं सांगतात ते यासाठीच. तुमच्या कार्डाला परवानगी देणारा संदेश उपग्रहावरून यायचा असतो, आणि तो यायच्या वेळी बॉक्स जागा असावा लागतो.

या व्यवस्थेत एक मोठी फट आहे. उपग्रह बोलतो, बॉक्स फक्त ऐकतो. बॉक्सने उलट उत्तर द्यायची सोय नाही. म्हणून चोरांनी जगभर एक युक्ती वापरली. एक खरं, पैसे भरलेलं कार्ड घ्यायचं, त्यातून बाहेर पडणाऱ्या किल्ल्या इंटरनेटवरून शेकडो बॉक्सना पुरवायच्या. किल्ल्या खऱ्याच असल्यामुळे चित्र सुरळीत दिसतं. आपली किल्ली नक्की कुठल्या घरात वापरली जातेय, हे उपग्रहाला कळायला मार्गच नाही.

घरातल्या वाय-फायवर परिस्थिती वेगळी आहे, कारण फोन आणि टीव्ही एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वाय-फायला पासवर्ड आहे, मग आणखी कुलूप कशाला?’ असं पुष्कळ जण विचारतात. पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाचं कुलूप. ते परक्याला आत येऊ देत नाही. सिनेमाचं कुलूप हे आतल्या तिजोरीचं, आणि ते ज्यांच्यापासून जपायचं त्यांत घरची माणसंही येतात. निर्मात्याच्या दृष्टीने प्रेक्षकाने सिनेमा पाहावा, पण त्याची प्रत काढून वाटू नये. म्हणजे ज्याला दाखवायचं त्याच्यापासूनच लपवायचं. कूटशास्त्रातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे असं मला वाटतं. सैन्याच्या गुप्त संदेशात शत्रू बाहेर असतो. इथे संदेश घेणाऱ्याच्याच हातात पेटी, कुलूप आणि किल्ली असं सगळं द्यावं लागतं.

यावरचा उपाय असा, की किल्ली माणसाला द्यायचीच नाही, यंत्राला द्यायची. फोन आणि टीव्ही यांच्यातल्या या व्यवहाराचा सर्वांत जास्त वापरला जाणारा नियमसंच म्हणजे एचडीसीपी. त्याच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ नंतरच्या आवृत्त्यांत, असं घडतं. टीव्ही आपलं ओळखपत्र फोनकडे पाठवतो. त्यावर टीव्हीचा ४० बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढाच एक अंक) क्रमांक असतो, टीव्हीची जाहीर किल्ली असते आणि परवाना देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. फोन ती सही तपासतो. सही खरी निघाली तर फोन १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या निवडतो, टीव्हीच्या जाहीर किल्लीने ती बंद करतो आणि पाठवतो. ती उघडायला लागणारी खासगी किल्ली फक्त त्या टीव्हीच्या चिपमध्ये, कारखान्यात बसवलेली असते. शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणी ही सगळी देवाणघेवाण हवेतून पकडली, तरी त्याच्या हाती काही लागत नाही. पुढे सिनेमा एईएस या पद्धतीने बंद होऊन जातो. अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेली ही पद्धत आज बँकांपासून मेसेजिंग ॲपपर्यंत सगळीकडे आहे. १२८ बिटांच्या शक्य किल्ल्या किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्यं द्या, साधारण तितक्या. एकेक करून त्या तपासायच्या म्हटलं तर जगातले सगळे संगणक जुंपूनही काम संपणार नाही.

आता डीटीएचमधली फट आठवा: खरी किल्ली, पण भलत्याच गावात. इथे ती कशी बुजवली आहे, हा मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग. फोन टीव्हीला एक ताजा प्रश्न पाठवतो आणि घड्याळ लावतो. वायरलेस जोडणीसाठीच्या नियमाप्रमाणे उत्तर ७ मिलिसेकंदांत परत आलं पाहिजे. टीव्ही खरोखर त्याच खोलीत असेल तर ते येतं. तो दुसऱ्या शहरात असेल आणि मधला कोणी संदेश इकडून तिकडे पोचवत असेल, तर उशीर होतो आणि चोरी पकडली जाते. ओळखपत्र उसनं घेता येतं, पण अंतर कापायला लागणारा वेळ वाचवता येत नाही.

तरी इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगली ते पुणे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर धरले, तर नुसत्या प्रकाशाला अडीच मिलिसेकंद पुरतात. म्हणजे केवळ भौतिकशास्त्राच्या भरवशावर ७ मिलिसेकंदांची मर्यादा पुण्याला ‘घराबाहेर’ ठरवू शकत नाही. प्रत्यक्षात ती ठरवते, कारण संदेश सरळ तंतूतून जात नाही. घरचा राउटर, कंपनीची यंत्रं, गर्दीच्या रांगा, या प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. डीटीसीपी-आयपी नावाच्या दुसऱ्या एका नियमसंचाने म्हणूनच वेळेच्या जोडीला थांब्यांवरही बंधन घातलं: संदेश तीनपेक्षा जास्त राउटर ओलांडू शकत नाही.

उलट बाजूने हाच नियम प्रामाणिक माणसालाही नडू शकतो. एकाच इमारतीत पंधरा-वीस राउटर एकाच पट्ट्यात ओरडत असतील, तर समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीचं उत्तरही ७ मिलिसेकंदांत पोचत नाही. हे नियम करणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून फोनला एकूण १०२४ वेळा प्रयत्न करायची मुभा आहे. शिवाय नंतरच्या आवृत्त्यांत टीव्हीने उत्तराचा हिशेब आधीच करून ठेवावा आणि ‘तयार आहे’ असं कळवावं, मगच घड्याळ सुरू व्हावं, अशी सोय केली. त्यामुळे मंद चिपचा वेळ मोजला जात नाही, फक्त प्रवासाचा मोजला जातो. इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

याच क्षेत्रात पहिल्या पिढीने मात्र मोठी फजिती पाहिली, आणि तिचं कारण दहावीचा विद्यार्थी समजू शकेल इतकं साधं आहे. पहिल्या एचडीसीपीत प्रत्येक यंत्राला ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या मिळत. दोन यंत्रं भेटली की समोरच्याच्या क्रमांकानुसार आपल्यातल्या २० किल्ल्या निवडून त्यांची बेरीज करायची. दोघांची बेरीज सारखी येई आणि तीच त्यांची सामाईक किल्ली. फार सोपं, स्वस्त चिपमध्ये मावणारं. पण नुसत्या बेरजेवर उभी असलेली रचना म्हणजे रेषीय समीकरणं. आपण दहावीच्या बीजगणितात दोन चलांची सोडवतो, इथे ४० चलांची सोडवायची, एवढाच फरक. २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे ४० यंत्रांच्या किल्ल्या हाती आल्या, की सगळ्या किल्ल्या जिच्यापासून बनतात ती मूळ किल्लीच काढता येते. सप्टेंबर २०१० मध्ये ती मूळ किल्ली इंटरनेटवर आली, आणि ती खरी असल्याचं एचडीसीपी तयार करणाऱ्या इंटेल कंपनीने मान्य केलं. पहिल्या पिढीचं कुलूप त्या दिवसापासून नावापुरतं उरलं. दुसऱ्या पिढीत मात्र त्याआधीच, २००८ पासून, जगभर तपासली गेलेली, उघड माहीत असलेली गणितं वापरली होती. आजही एखाद्या टीव्हीची किल्ली फुटली तर त्याचा क्रमांक रद्द यादीत जातो, आणि ही सही केलेली यादी नव्या कार्यक्रमांबरोबर आपल्या यंत्रांपर्यंत पोचत राहते.

आता काळ्या पडद्याचा खुलासा करता येतो. मिराकास्ट या २०१२ मध्ये आलेल्या मिररिंगच्या मानकात एचडीसीपी सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. स्वस्त डोंगलमध्ये (टीव्हीला जोडायच्या छोट्या उपकरणात) किंवा जुन्या टीव्हीत ते नसलं, की स्वतःचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ दिसतो आणि सिनेमा दिसत नाही. काही ॲप तर मिररिंगला पूर्णच बंदी घालतात; स्क्रीनशॉट काळा येतो त्याच कारणाने. ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं तर चालतं, कारण तिथे सिनेमा फोनमधून जातच नाही. फोन टीव्हीला फक्त ‘हे लाव’ एवढं सांगतो. टीव्ही स्वतः इंटरनेटवरून सिनेमा आणि त्याची किल्ली घेतो.

ब्लूटूथ हेडफोनवरचं गाणं याहून कितीतरी साध्या भरवशावर चालतं. तिथे कॉपीराइटसाठी जी सोय आहे ती म्हणजे दोन बिटांची एक खूण: कॉपी करू नये, एकदाच करावी, किंवा खुशाल करावी. ती पाळायची की नाही, हे घेणाऱ्या यंत्राच्या सचोटीवर.

आणि कितीही पक्कं कुलूप केलं तरी शेवटी चित्राला प्रकाश होऊन डोळ्यांपर्यंत जावंच लागतं, आवाजाला हवेत यावंच लागतं. तिथे कॅमेरा धरला तर कुठलंच कूटलेखन आडवं येत नाही. म्हणून सिनेमागृहांत दुसरा उपाय असतो. आपल्याकडच्या शहरांतल्या थिएटरात सिनेमा आता रिळात येत नाही. तो बंद फाइलच्या रूपात येतो, आणि त्या थिएटरच्या त्या सर्व्हरपुरती, ठराविक तारखांपुरती चालणारी किल्ली वेगळी पाठवली जाते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरवलेल्या मानकाप्रमाणे पडद्यावरच्या चित्रात डोळ्याला न दिसणारी ३५ बिटांची खूण मिसळली जाते: १६ बिट वेळेचे, १९ बिट ठिकाणाचे. १९ बिटांत ५,२४,२८८ ठिकाणं मावतात. मोबाईलवर चोरून काढलेली प्रत कुठल्या पडद्यावरून, कधी काढली हे त्यावरून कळतं. आपल्या देशात सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. हा दंड सिनेमाच्या तपासलेल्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला हा विषय फक्त मोठ्या स्टुडिओंचा वाटत नाही. इथे तंबोरे आणि सतारी बनतात, दर्ग्यातल्या उत्सवात गवई हजेरी लावतात, आणि आता पुष्कळ कलावंत मैफली आणि शिकवण्या ऑनलाइन देतात. गायकाचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्क भारतीय कायद्यात ५० वर्षं टिकतो. पण वर सांगितलेली महागडी यंत्रणा एकट्या कलावंताच्या आवाक्यातली नाही. माझ्या मते त्याच्यासाठी कुलपापेक्षा खूण जास्त उपयोगाची. प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या ध्वनिफितीत ऐकू न येणारी वेगवेगळी खूण मिसळली, तर गळती कुठून झाली ते निदान कळतं, आणि प्रामाणिक शिष्याला कुठेच अडथळा होत नाही.

कारण कुलपाला कायदा कळत नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९३०च्या दशकात निघालेल्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण आज सगळ्यांचं आहे. पण एखाद्याने त्या कूटबद्ध ॲपमध्ये घातल्या, तर ॲपचं कुलूप मुदतीनंतरही तसंच राहतं. शाळांचंही तेच. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेला विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता सिनेमा दाखवायची परवानगी देतं. तरी आटपाडीच्या शाळेतला जुना प्रोजेक्टर एचडीसीपी २.२ ओळखत नसेल, तर फोर-के चित्रपट एकतर कमी स्पष्टतेत दिसतो किंवा दिसतच नाही. २०१२ मध्ये कायद्यात आलेल्या कलम ६५-अ ने असं कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडलं तर गुन्हा होत नाही, हेही त्याच कलमात आहे. दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने मात्र त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची आहे. संस्थेसाठी प्रोजेक्टर किंवा वायरलेस डोंगल घेणाऱ्याने म्हणून खोक्यावर ‘एचडीसीपी २.२’ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली आहे का ते बघावं, आणि जमल्यास दुकानातच स्वतःच्या फोनवरून पैसे भरलेला एखादा सिनेमा लावून पाहावा.